पाच भोकांचं माप

आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक मीच वाकवलं, हे आधी कबूल करून टाकतो. या प्रकरणात पुढे मला याहून मोठं काहीतरी कबूल करावं लागणार आहे, तेव्हा जिभेला सवय झालेली बरी. खड्डा आमच्या कचेरीच्या फाटकातच होता. चार वर्षं होता. त्याच्याबद्दल दोन तक्रारअर्ज माझ्याच सहीनं गेले होते आणि दोन्हींत मी त्याची लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरात दिली होती. त्यामुळे ‘खड्डा दिसलाच नाही’ असं म्हणायची माझी सोय नव्हती. धाडकन आवाज झाला, टायर बसला आणि उतरून बघतो तर चाकाची लोखंडी कड वहीच्या कोपऱ्यासारखी दुमडलेली.

स्टेपनी लावून घरी आलो. बायकोनं वाकलेलं चाक एकदा पाहिलं, एकदा मला पाहिलं आणि म्हणाली, “एक चाक घ्यायचंय ना? उद्या तसंच दुसरं घेऊन टाका.”

किती साधं वाक्य! पुढचे पंधरा दिवस मी या वाक्याप्रमाणे वागलो असतो, तर आज तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नसतं.

त्या दिवसांत घरात दुसरा विषयच नव्हता. बायको बावीस वर्षं शाळेत गणित शिकवते. तिला मुख्याध्यापिकेची जागा मिळाली होती, पण शाळा तीस किलोमीटरवर, आणि तिकडे जाणारी एकुलती एक बस शाळा भरून तासभर झाल्यावर पोचते. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. गाडी चालवायचा परवाना हातात आला तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाची. परवान्याची परीक्षा सव्वीस तारखेला होती. ती हुकली की पुढची तीन महिन्यांनी. परीक्षेला स्वतःची गाडी न्यावी लागते आणि तिची चार चाकं, शिवाय डिकीतली स्टेपनी, अशी पाचही ठणठणीत असावी लागतात. म्हणजे आम्हाला एक चाक हवं होतं. पुन्हा सांगतो, एक.

पण आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. अख्खी इमारत त्यांना ‘अनुभवी’ म्हणते. त्यांनी जन्मात गाडी घेतलेली नाही, पण त्यांच्या चुलतभावाकडे तीन होत्या, आणि त्या तिन्हींचा अनुभव चुलतभावानं न घेता यांनीच घेतला. मी वाकलेलं चाक जिन्याखाली ठेवत असताना ते नेमके खाली उतरले.

“एक चाक कसलं बदलता, साहेब?” ते म्हणाले. “एक नवं आणि तीन जुनी झाली की गाडी लंगडते.”

“लंगडते?”

“आपल्याला दिसत नाही. तिला कळतं. आणि उद्या वहिनी मुख्याध्यापिका होणार. त्यांच्या गाडीला ही काळी लोखंडी चाकं शोभतील? चारही बदला. चकचकीत अलॉयची घ्या, जरा रुंद. रुंद चाक म्हणजे गाडी रस्ता सोडत नाही. आमच्या चुलतभावानं रुंद चाकं घातली, तर गाडी वळायलाच तयार नव्हती, इतकी रस्ता धरून.”

हे शेवटचं वाक्य धोक्याची सूचना आहे हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी ‘शोभतील?’ या शब्दापाशीच अडकलो होतो. बायकोच्या मोठ्या दिवसाला आपल्याकडून काहीतरी भारी व्हावं, असं मला मनापासून वाटत होतं. शिवाय चाक मीच वाकवलेलं.

आता माझ्या पेशाविषयी सांगायलाच हवं. मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानातले तराजू, दुधाची मापं, कापडाचे मीटर, सगळं खरं की खोटं ते मी ठरवतो. मी दुकानात शिरलो की लोक आधी तराजूकडे बघतात आणि मग देवाकडे. माझ्याकडे मखमली डबीतला एक पोलादी व्हर्नियर आहे. तो मिलिमीटरचा दहावा भाग दाखवतो. त्याला मी कुणाला हात लावू देत नाही, बायकोलासुद्धा नाही. अशा माणसाला चाक घ्यायचं तर तो काय करेल? मोजेल.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी ते चाक त्यावर ठेवलं. चाक गाडीला पाच नटांनी बसतं, त्यामुळे मध्यभागी गोलाकार पाच भोकं होती. ती ज्या वर्तुळावर असतात, त्याचा व्यास जुळला की चाक बसतं, एवढं मला ठाऊक होतं. आता भोकं चार असती तर समोरासमोरची दोन घेऊन सरळ मोजता आलं असतं. पाच भोकांत अगदी समोर असं कुणीच नसतं. पण समोरच्या थोडं डावीकडे एक असतं आणि थोडं उजवीकडे एक असतं. मी डावीकडचं निवडलं.

“मी बघू का?” बायकोनं वह्या तपासता तपासता विचारलं.

“मापाचं माझ्यावर सोड,” मी म्हटलं. ती गणिताची शिक्षिका आहे, हे मी आधी सांगितलंच आहे. तिनं सोडलं.

व्हर्नियरनं आकडा दाखवला : नव्व्याण्णव पूर्णांक नऊ दशांश. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. उरलेला एक दशांश गंजात गेला असणार, असा निष्कर्ष काढून मी आकडा पूर्ण केला. शंभर! इतका गोल, इतका देखणा आकडा चुकीचा असू शकतो, हे माझ्यासारख्या माणसाच्या मनातही येत नाही. मी कचेरीच्या कागदावर लिहिलं, ‘छिद्रवर्तुळाचा व्यास शंभर मिलिमीटर’, खाली सही केली आणि सवयीनं गोल शिक्काही मारला.

चाकांचं दुकान आरशाच्या दुकानासारखं लखलखत होतं. भिंतभर अलॉय चाकं टांगलेली आणि त्यांच्यामध्ये एक मोठा तक्ता. त्यात डावीकडे गाड्यांची नावं आणि उजवीकडे त्या त्या गाडीच्या चाकाची सगळी मापं. दुकानदारानं नम्रपणे विचारलं, “गाडी कुठली, साहेब?”

“गाडी सांगायची गरज नाही,” मी म्हटलं. “माप आणलंय.”

कागदावरचा शिक्का पाहून तो खुर्चीतून उठला. त्याला वाटलं तपासणी आली. मी खरेदीला आलोय हे कळल्यावर त्याला इतकं हायसं वाटलं, की पुढे त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या व्यवसायात बहुधा तोच एक प्रश्न विचारण्यासारखा होता. त्या तक्त्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. शिक्का मारलेलं माप हातात असताना भिंतीवरचं कोण वाचतं!

मी एक इंच मोठी, जरा रुंद आणि ताऱ्यासारख्या पाकळ्यांची पाच चाकं पसंत केली, पाचवं स्टेपनीसाठी. त्यांच्यासाठी नवे टायर आलेच. त्यानं गाडी जॅकवर घेऊन जुनी चाकं उतरवली, ती टायरांसकट, स्टेपनीही धरून, बदल्यात घेतली आणि त्याच दुपारी ती एका भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली. मग त्यानं पहिलं नवं चाक उचललं आणि लावायला गेला. चाक बसेना. एक बोल्ट भोकात शिरला की समोरचे दोन बाहेर. फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं, दुसरं चाक घेऊन पाहिलं.

“साहेब,” तो अंग चोरून म्हणाला, “माप जरा...” आणि त्याची नजर शिक्क्यावर गेली.

“माप जरा काय?”

“नाही, मापाचं काही नाही. चाकच चुकलं असेल. कारखान्यात होतं असं. थोडी कानस मारली की बसेल.”

आता इथे मी जे केलं ते लिहिताना हात आखडतोय. एखाद्या वजनाला कानस लावलेली दिसली, तर मी दुकानदाराला पाणीसुद्धा पिऊ देत नाही, जागीच पंचनामा करतो. कानस हा शब्द मी नोकरीत फक्त गुन्ह्याच्या संदर्भात ऐकलाय. आणि त्या दुकानात, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, मी माझ्या चाकांच्या पंचवीस भोकांवर कानस चालताना पाहिली. दीड तास. मधे त्यानं चहा मागवला, तोही प्यालो. कारण एकच : माप चुकलं म्हणायचं तर ते माझं होतं.

गाडी घरी आणली. अनुभवींनी तिला प्रदक्षिणा घातली आणि “आता गाडी मुख्याध्यापिकेची दिसते” असा निर्वाळा दिला. बायको मात्र म्हणाली, “एकच चाक हवं होतं ना?” पण तिच्या स्वरात कौतुकही होतं. निदान मी तसं मोजलं.

तक्रार दुसऱ्या दिवशी सुरू झाली. ती गाडी चालवत होती, मी शेजारी. चाळिसाच्या वेगाला ती म्हणाली, “अहो, स्टिअरिंग थरथरतंय.”

“रस्ता खराब आहे,” मी म्हटलं.

रस्ता पुढे चांगला झाला. स्टिअरिंग थरथरतच राहिलं. उजवीकडे पूर्ण वळवलं की मडगार्डमधून घस्स असा आवाज यायचा. टायर आतल्या पत्र्याला घासत होता. अनुभवींनी त्यावर उपाय सांगितला : पूर्ण वळवू नका. पण थरथरीवर त्यांच्याकडेही उपाय नव्हता. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

“चाक नाही थरथरत. तुझे हात थरथरतायत. परीक्षेची भीती.”

तिनं स्वतःचे हात पाहिले. बावीस वर्षं फळ्यावर ज्या हातांनी तिनं कंपासशिवाय वर्तुळं काढली, ते हात. त्यानंतर ती रोज सकाळी गाडी काढायची, चाळिसाच्या वेगाला पोचायची आणि काही न बोलता परत आणायची. अनुभवींनी जिन्यात गाठून सांगितलं, “वहिनी, रबरी चेंडू दाबत जा. आमच्या चुलतभावाचे हात इतके थरथरायचे, की त्याला सही करता यायची नाही.” तेव्हापासून ती उजव्या हातानं वह्या तपासायची आणि डाव्या हातानं चेंडू दाबायची. चेंडू दबताना चीं असा आवाज व्हायचा. प्रत्येक चीं मला ऐकू यायचं, आणि मी वर्तमानपत्र आणखी उंच धरायचो.

मला संशय आला नव्हता का? आला होता. पण संशय आणि शिक्का यांच्यात मी शिक्क्याच्या बाजूनं उभा राहिलो.

मधल्या काळात वाहन कचेरीतही एक प्रकरण झालं. चाकं एक इंच मोठी, म्हणजे गाडीच्या कागदपत्रातल्या नोंदीपेक्षा वेगळी. तेव्हा परीक्षेआधी चाकबदलाची नोंद हवी. तीन नंबरच्या खिडकीतला कारकून माझ्यासारखाच होता. म्हणजे त्याच्याही टेबलावर तीन शिक्के एका ओळीत होते आणि तोही समोरच्याकडे न बघता बोलायचा.

“मापाचा दाखला लागेल.”

“कुणाचा?”

त्यानं नियम वाचला. “वजनमापे निरीक्षक किंवा तत्सम अधिकारी.”

“मीच वजनमापे निरीक्षक आहे.”

“मग स्वतःकडून घेऊन या.”

“आत्ता देतो की!”

“आत्ता चालत नाही. परीक्षेच्या दिवशी, परीक्षकासमोर सही करायची.” त्यानं एक छापील अर्ज सरकवला. “मागच्या सूचना वाचून घ्या.”

हे वाक्य मी स्वतः दिवसातून वीस वेळा लोकांना ऐकवतो. ते मलाही लागू असेल असं मला वाटलंच नाही. मी अर्ज घडी करून खिशात घातला.

चोवीस तारखेला मला टेबलावर तिचं पत्र दिसलं. शिक्षण कचेरीला लिहिलेलं, सुवाच्य अक्षरात. ‘काही वैयक्तिक अडचणीमुळे मुख्याध्यापक पदाची जबाबदारी स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.’

“हे काय?” मी विचारलं.

“अजून दिलं नाही. परवा बघू,” ती म्हणाली. “नापास झाले तर देईन. आणि पास झाले तरी, अशा हातांनी रोज साठ किलोमीटर गाडी चालवायची म्हणजे... कुणाला तरी धडकेन हो मी.” आणि तिनं पत्र पर्समध्ये ठेवलं.

मी तिला म्हणालो, “अगं, होईल सगळं नीट.” दुसरं एक वाक्य ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

सव्वीस तारखेला सकाळी परीक्षेच्या मैदानात तीसेक माणसं रांगेत होती. बायकोचा नंबर सातवा. ती स्टिअरिंगमागे दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसली होती. रांगेत आमच्या मागे, माझ्या दुर्दैवानं, किराणा दुकानदार होता. गेल्या वर्षी मी त्याच्या तराजूत दोन ग्रॅमचा फरक काढून त्याला भर दुकानात झापलं होतं. त्याची सून परीक्षेला बसणार होती. त्यानं मला लवून नमस्कार केला. त्या नमस्कारातही दोन ग्रॅम होते.

वाचायला जवळ काहीच नव्हतं, म्हणून मी खिशातला अर्ज काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी अर्जाची मागची बाजू वाचली. सूचना क्रमांक चार अशी होती : ‘पाच छिद्रांच्या चाकात छिद्रे समोरासमोर येत नाहीत. एक सोडून दुसऱ्या छिद्रापर्यंतचे अंतर म्हणजे व्यास नव्हे. व्यास त्याहून सुमारे पाच टक्के अधिक असतो.’

मी ती सूचना चारदा वाचली. शंभरावर पाच टक्के म्हणजे किती, हे काढायला मला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला. मग मी उतरून पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो. कानस मारून भोकं लांबट झाली होती, नट त्यांच्यावर तिरपे टेकले होते. एक नट मी सहज चिमटीत धरला. तो फिरला. पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी. याच गाडीत मी तिला पंधरा दिवस चाळिसानं पळवत होतो आणि म्हणत होतो, तुझे हात.

“सात नंबर!” परीक्षकानं शिट्टी वाजवली. तो उंचापुरा माणूस होता, गळ्यात शिट्टी आणि कानात कापूस. शिट्टी सदोदित स्वतःच्याच कानाखाली वाजत असल्यामुळे तो कापूस घालत असावा. त्यानं अर्ज पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. “अरे वा! आपण वजनमापेवाले? मग प्रश्नच मिटला. करा सही, बाईंची परीक्षा लगेच घेतो.”

त्यानं पेन पुढे केलं. अर्जावर छापलं होतं, ‘सदर चाके वाहनास योग्य मापाची असल्याचे मी स्वतः मोजून पाहिले आहे.’ खाली रिकामी ओळ.

खोटं कशाला बोलू, मी पेन घेतलं. दहा मिनिटांची परीक्षा, मैदानातल्या मैदानात, वेग वीसचा. काय होणार होतं? संध्याकाळी गुपचूप चाकं बदलली असती. सही केली तर तिची परीक्षा आत्ता होत होती, आणि नाही केली तर तीन महिन्यांनी, म्हणजे जागा गेलीच. शिवाय मागे किराणावाला कान टवकारून उभा. मी गाडीत पाहिलं. ती डाव्या हातानं उजवा हात घट्ट धरून बसली होती, जणू तो हात परका आहे आणि पळून जाईल.

“सही नाही करता येणार,” मी म्हटलं.

“का?”

“माप चुकलंय.”

“कुणाचं?”

दुकानदाराचं, कारखान्याचं, व्हर्नियरचं, गंजाचं, अशी चार उत्तरं एका क्षणात माझ्या मनात येऊन गेली. “माझं,” मी पुटपुटलो.

“काय?” परीक्षकानं कानातला कापूस चाचपला.

“माझं माप चुकलंय!”

ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. नेमक्या त्याच वेळी कुणाचीच गाडी चालू नव्हती. मग मी थांबलोच नाही. “हिचे हात थरथरत नाहीत. चाक थरथरतंय. मी चुकीचं माप घेतलं, ते लपवायला भोकं कानसली, आणि पंधरा दिवस हिला सांगतोय की तुझे हात थरथरतात. हिचे हात चांगले आहेत!”

“किती मिलिमीटरनं चुकलं, साहेब?” किराणावाल्यानं अतिशय आदरानं विचारलं.

“पाच.”

“पाच!” तो मागे वळून सुनेला म्हणाला, “पाच म्हणतायत.”

बायको गाडीतून उतरली. ती ओरडेल अशी माझी तयारी होती. तिनं फक्त विचारलं, “कुठून कुठपर्यंत मोजलं होतंत?”

मी चाकावर बोट ठेवून दाखवलं. इथून इथपर्यंत.

तिनं डोळे मिटले. “अहो, हा कर्ण आहे. पंचकोनाचा कर्ण. नववीला शिकवते मी.”

मग तिनं स्वतःचे दोन्ही हात समोर धरले आणि बराच वेळ पाहिले. ते अगदी स्थिर होते. तिनं पर्समधून ते पत्र काढलं, फाडलं, आणि त्याच कागदानं माझ्या बोटांना लागलेलं चाकाचं काळं पुसलं. जरा जोरात पुसलं.

“मला शेवटचा नंबर द्या,” ती परीक्षकाला म्हणाली.

“चारला मैदान बंद होतं, बाई. चाकं मापाची असतील तरच. एक मिनिट वर थांबणार नाही.”

“चारच्या आत उभी असते.”

मैदानासमोर रस्त्यापलीकडे टायरचं एक दुकान होतं. काळवंडलेलं, कसलाही लखलखाट नसलेलं. ते एक पन्नाशीच्या बाई चालवायच्या. बायकोमागोमाग मी तिथे शिरलो आणि सवयीनं म्हणालो, “माप असं आहे, की...”

“माप राहू दे, दादा,” टायरवाल्या बाई म्हणाल्या. “गाडी कुठली?”

हाच तो प्रश्न. बायकोनं गाडीचं नाव, वर्ष सगळं सांगितलं. बाईंनी खिळ्याला टांगलेल्या पत्र्याच्या चकत्यांमधून एक काढली, रस्ता ओलांडून आल्या, गाडी जॅकवर घेऊन आमचं एक चाक उतरवलं आणि चकती बोल्टांवर ठेवली. ती खटकन बसली. “एकशे पाच,” त्या म्हणाल्या. मग आमच्या चाकाची लांबट भोकं बोटानं चाचपली. “ही कुणी बसवली?”

किराणावाला माझ्याकडे बघत होता.

“कानसलेलं चाक कधी निखळेल सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. “ही कुणाला विकू नका हं. भंगारात घाला.” आणि त्यांनी खडूनं पाचही चाकांच्या पाकळ्यांवर मोठ्या फुल्या मारल्या.

त्यांच्याकडे तशीच काळी लोखंडी चाकं पाच होती, पण त्यांवर टायर चढवून हवा भरायला दुपार झाली. चाकं आल्यावर त्यांनी बायकोलाच शेजारी बसवून एकेक गोष्ट दाखवली. मला नाही. “हे मधलं भोक बघा, ताई. हे या उंचवट्यावर घट्ट बसलं पाहिजे, सैल असलं की गाडी थरथरणारच. हा मागे कोरलेला आकडा बघा, चाक किती वजन पेलतं त्याचा. आता स्टिअरिंग पूर्ण वळवा. अजून. दुसरीकडे. टायर नि पत्र्यामध्ये माझा हात सहज गेला पाहिजे. गेला? झालं तर.” नट मात्र त्या एकापाठोपाठ एक आवळत नव्हत्या, एक सोडून एक घेत होत्या. म्हणजे माझ्या मापाचीच उडी. तिचा उपयोग नेमका इथे होता.

“आणि पन्नास किलोमीटर झाल्यावर एकदा नट तपासून घ्या,” त्या म्हणाल्या.

नट धरायचं काम किराणावाल्यानं आपणहून मागून घेतलं होतं. त्यानं शेवटी ते दोनदा मोजून दाखवले. वीस. मी मान खाली घालून बरोबर म्हटलं.

चाकं मूळ मापाची झाल्यामुळे त्या अर्जाचीही गरज उरली नाही. पावणेचारला परीक्षकानं शिट्टी वाजवली. नवऱ्यानं गाडीत बसायचं नसतं, म्हणून मी कुंपणापाशी उभा राहिलो. माझ्या एका बाजूला किराणावाला आणि दुसऱ्या बाजूला टायरवाल्या बाई. गाडी सरळ गेली, वळली, मागे आली, खांबांच्या मधून निघाली. मडगार्डमधून आवाज आला नाही. शेवटी चढ होता. त्यावर मधोमध गाडी थांबवून, मागे न घसरता पुन्हा पुढे काढायची असते. सकाळपासून निम्मे लोक तिथेच गळपटले होते. गाडी थांबली. बोटभरही मागे आली नाही. मग शांतपणे वर गेली, एखादी बाई जिना चढून जावी तशी.

“पास!” परीक्षक ओरडला, आणि मी किराणावाल्याला मिठी मारली. दोघांनाही नंतर जरा अवघडल्यासारखं झालं.

घरी येताना तीच चालवत होती. चाळीस झाले, पन्नास झाले. स्टिअरिंग गप्प होतं. मी विचारलं, “परीक्षक उतरताना काय म्हणत होता तुला?”

“विचारत होता, त्या चढावर भले भले घाबरतात, तुम्हाला भीती कशी वाटली नाही?”

“मग तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा माझा नवरा ‘माझं चुकलं’ म्हणाला. तेही तीस माणसांसमोर, ओरडून.” तिनं आरशात पाहून शांतपणे गिअर बदलला. “ते पाहिल्यावर चढाची काय भीती वाटणार?”

यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हे काही खरं नसणार, आधी दोन-तीनदा तरी मी म्हटलं असेल. मी मनातल्या मनात नीट मोजलं, पहिल्या वर्षापासून. दोनदा मोजलं. तिचा आकडा बरोबर होता.